अण्णांचा उजवा पाय

अण्णांनी गाडी चालवणं सोडून चार वर्षं झाली, पण त्यांचा उजवा पाय अजून निवृत्त झालेला नाही. मी चालवत असलो की ते डावीकडे बसतात, पट्टा लावतात, काच दोन बोटं खाली घेतात आणि समोर रिक्षा आडवी आली की पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबतात. तिथे पेडल नाही हे त्यांना ठाऊक आहे. पायाला ठाऊक नाही. एसटीत ३१ वर्षं काढली त्यांनी, त्यातली बरीचशी कोल्हापुराहून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर. त्यामुळे त्यांच्या बाजूचं मॅट टाचेखाली झिजलंय, माझ्या बाजूचं बऱ्यापैकी नवं आहे.

गाडी आमची जुनी मारुती झेन. १९९९ची. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस वगैरे काही नाही. ती विकायचा विषय घरात दर दिवाळीला निघतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत विरून जातो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात करूळ घाट उतरत होतो. अण्णा शेजारी, बायको मागे, डिकीत सामान. गगनबावडा सोडला, उतार लागला आणि मी नेहमीसारखा तिसऱ्या गिअरात, पाय ब्रेकवर ठेवून, गप्पा मारत निघालो. पाच-सहा वळणं गेली असतील. आधी वास आला. जळक्या लायनरचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही. पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर ते नेहमीपेक्षा खाली गेलं. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी खाली, आणि पायाला लागलं ते ओल्या उशीसारखं काहीतरी. मी घाबरून दोनदा पंपिंग केलं. अण्णांचा पाय मॅटवर घट्ट होता, पण आवाज अगदी शांत.

"दुसरा टाक."

मी टाकला. इंजिन ओरडलं, गाडीने नाक खाली केलं आणि वेग उतरला. रुंद जागा बघून कडेला थांबलो. अर्ध्या-पाऊण तासाने पेडल परत वर आलं होतं, जणू काही झालंच नव्हतं. अण्णांनी चाकांवर पाणी मारू दिलं नाही. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर बीड लोखंड वाकडं होतं, तडकतंही, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

दोष गाडीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण तेव्हा मला ते पटलेलं नव्हतं. तेव्हा मला पटलं होतं ते एवढंच, की माझ्या गाडीचे ब्रेक लेचेपेचे आहेत आणि ते बदलून "चांगले" लावायला हवेत. पुढचे दोन महिने रात्री जेवण झालं की मी मोबाइलवर ब्रेक वाचायचो. मोठ्या डिस्क, डिस्कला पॅडने चिमटणारे चार पिस्टनचे कॅलिपर, स्टीलच्या जाळीचे होज पाइप, पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर, तोही मोठा. पाय ठेवला की दगडासारखं लागणारं पेडल, ही माझी त्या पावसाळ्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा होती. बायकोने एकदा मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि कुणा बाईचा फोटो नसून लाल रंगाचा कॅलिपर आहे हे बघून ती जास्तच काळजीत पडली.

मिस्त्रींकडे यादी घेऊन गेलो. ते अण्णांना मानतात, त्यामुळे मला हसले नाहीत. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि मला आत बघायला सांगितलं. आत कुळथाचं कढण होतं.

"हे कधी बदललंय, साहेब?"

मला आठवेना. कमी झालं की वरून भरलं होतं, एवढं आठवत होतं. बदललं असं कधी झालंच नव्हतं.

नवं ब्रेक ऑइल कोवळ्या पिवळ्या रंगाचं असतं. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण इंजिन ऑइलच्या कुळातलं ते नव्हे. ते ओल खेचतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी झाकण लावूनही पाझरते, तसंच. डबीच्या झाकणातून, रबरी पाइपांच्या अंगातूनसुद्धा हवेतली वाफ हळूहळू आत शिरते. आणि आमची गाडी वर्षातून चार-पाच वेळा कोकणात, तीही ऐन पावसात. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे डबीत ऑइल काठोकाठ भरलेलं दिसतं, रंगाखेरीज काही बिघडलेलं वाटत नाही, आणि घाटात मात्र कॅलिपरच्या आत त्याला बुडबुडे फुटतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. माझ्या पायाखाली करूळ घाटात जी ओली उशी होती ती ही वाफ. गाडी गार झाली, वाफेचं पुन्हा द्रव झालं, पेडल वर आलं.

मिस्त्रींनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याही व्हिडिओत इतकी सरळ सापडली नव्हती. घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी जातो. पेडल घट्ट आहे, पाय दुखेस्तोवर दाबतोय आणि गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. पेडलच खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. पहिल्यात निदान पायाला आधार तरी असतो.

"मोठ्या डिस्कचं मग बघू. आधी आहे ते नीट करू," ते म्हणाले आणि मला पुढच्या सोमवारची तारीख दिली.

सोमवारपर्यंत गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. रविवारी मला वाटलं, ऑइल बदलणं तर किती सोपं. पुतण्याला सीटवर बसवलं, दुकानातून बाटली आणली, चाकाजवळ ऑइल बाहेर सोडायचं जे निप्पल असतं त्याला पारदर्शक नळी लावली. तो पेडल दाबणार, मी निप्पल सोडणार, काळं ऑइल बाहेर, नवं आत. पोरगं उत्साही. प्रत्येक वेळी पेडल पार तळाला टेकवत होतं आणि मी त्याला शाबासकी देत होतो.

जुन्या गाडीत हे करू नये. वर्षानुवर्षं पेडल रोज अर्ध्या-पाऊण वाटेपर्यंतच जातं, त्यामुळे मास्टर सिलिंडरमधलं रबर सिलिंडरच्या तेवढ्याच भागावरून फिरतं. तो भाग आरशासारखा असतो. त्याच्या पुढे, जिथे रबर कधी गेलंच नाही, तिथे गंज आणि गाळ धरून बसलेला. पेडल तळापर्यंत नेलं की रबराची नाजूक कड त्या खरखरीवरून घासते. दाबताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात तो एवढ्यासाठी. मला हे कळलं सोमवारी सकाळी, ताराराणी चौकाच्या सिग्नलला. पाय ब्रेकवर, गाडी उभी, आणि पेडल हळूहळू, कुठलाही आवाज न करता, लिफ्टसारखं खाली निघालं. हँडब्रेक ओढला, सिग्नल सुटल्यावर पहिल्या गिअरात कडेला गेलो आणि मिस्त्रींना फोन केला. त्यांचा पोरगा दोरी घेऊन आला. गाडी ओढत नेताना वाटेत ओळखीचे किमान सहा लोक भेटले. त्याच रविवारी डाव्या मडगार्डवर ब्रेक ऑइलचे चार थेंब सांडले होते, तेही मी लगेच पाण्याने धुतले नाहीत. तिथला रंग फुगून निघाला. तो ठिपका अजून आहे.

तर आता मास्टर सिलिंडर बदलायचाच होता आणि माझ्या मनातला जुना किडा वळवळला. मोठ्या व्यासाचा लावला तर? पेडल घट्ट होतंच ना?

होतं. मिस्त्रींनी नाही म्हटलं नाही, फक्त हिशेब करा म्हणाले. बँकेत नोकरी करणाऱ्याला हिशेब करा म्हणणं हा खास कोल्हापुरी टोमणा. पण मी केला. समजा मास्टर पाऊण इंचाचा आहे, त्याचं क्षेत्रफळ साधारण २.८५ चौरस सेंटिमीटर. त्याऐवजी पुढच्या मापाचा, १३/१६ इंचाचा घेतला, तर ३.३५. तेवढंच ऑइल ढकलायला पेडलला १५ टक्के कमी प्रवास लागेल, म्हणून पायाला ते ताठ आणि रुबाबदार वाटेल. पण पायाचा जोर तोच राहिला तर ऑइलमधला दाबही १५ टक्क्यांनी घटेल. जेवढं एका हाताने मिळालं तेवढं दुसऱ्या हाताने गेलं. म्हणजे पेडल घट्ट, आणि गाडी थांबवायला जोर जास्त. ब्रेकची ताकद तर वाढलेली नाहीच. द्रवाच्या दाबाचा नियम सांगणारा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पास्कल कुठल्याही गॅरेजमध्ये उधारी ठेवत नाही.

मूळ मापाचाच मास्टर लागला.

नंतर जे झालं ते मला सगळ्या खर्चात सर्वांत आवडलं, आणि त्याचा खर्च शून्य होता. नवा मास्टर, हवा काढलेली, तरी पेडल किंचित मऊ आणि बरंच खोल. मिस्त्रींनी मला सीटवर बसवलं आणि जिथे जिथे रबरी होज पाइप होता तिथे तो गोल तोंडाच्या चिमट्याने दाबून बंद केला. चांगल्या पाइपांवर हा प्रयोग करायचा नसतो, आमचे कचऱ्यातच जाणार होते. "दाबा." दाबलं. दगड. आयुष्यात प्रथमच माझ्या झेनचं पेडल दगडासारखं लागलं, आणि तेव्हा तिला एकही ब्रेक जोडलेला नव्हता! मग एकेक चिमटा काढायला सुरुवात. पुढचा डावा काढला, पेडल केसभर मऊ. उजवा काढला, आणखी केसभर. मागचा एक काढला आणि पेडल दोन बोटं खाली गेलं.

"खोल वेगळं, मऊ वेगळं," मिस्त्री म्हणाले आणि मागचं चाक उघडायला गेले.

हा फरक मला आजवर कुणी सांगितला नव्हता. पेडल खोल जातं ते कुठेतरी फट असते म्हणून. मऊ लागतं ते आत हवा असते किंवा कुठेतरी काही फुगत असतं म्हणून. दाबून ठेवल्यावर खचत जातं ते मास्टरमधलं रबर गळतं म्हणून. आणि एकदम लाकूड होतं ते पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर गेला म्हणून. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण घट्ट पेडलच्या नादात माणूस त्यालाच बढती समजू शकतो. बूस्टर तपासायचा तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारायचं, ते कडक झालं की दाबून धरायचं आणि चावी फिरवायची. इंजिन सुरू होताच पेडल किंचित खाली सरकलं, तर बूस्टर जिवंत आहे.

मागच्या ड्रममध्ये लायनर बरे निघाले, पण शूची फट आपोआप भरून काढणारी छोटी यंत्रणा गंजून गच्च झाली होती. लायनर झिजत गेले, फट वाढत गेली, आणि दर वेळी पेडलची अर्धी वाट त्या फटीतच खर्ची पडत होती. ड्रमला आत ओरखडे होते. ते लेथवर नेऊन साफ करून घेतले. ड्रमच्या कडेला जास्तीत जास्त किती व्यास चालेल ते कोरलेलं असतं, त्याच्या आत राहिलो. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा. शिरोली एमआयडीसीत गाड्यांसाठी बीड ओतणारे कारखाने आहेत, लेथवाला ड्रमला नुसतं बोट लावून बोलतो. पुढच्या कॅलिपरची एक पिन सुकून अडकली होती, त्यामुळे पॅड एका बाजूला पाचरीसारखा झिजलेला. पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावलं, नवे पॅड घातले.

होज पाइपांवर मात्र मी हट्ट केला. रबरी पाइप दाबाखाली थोडे फुगतात, जुने झाले की जास्त, हे चिमट्यांनी दाखवलंच होतं. नवे रबरी घातले असते तरी काम भागलं असतं, असं मिस्त्रींचं मत आणि आता माझंही. पण दोन महिने रात्री वाचलेलं कुठेतरी उतरायला हवं होतं. जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप बनवणारा एक दुकानदार "याहून मजबूत काय असतंय?" म्हणत तयारच होता. त्याला मिस्त्रींनी परस्पर नकार दिला. जेसीबीचं तेल वेगळं, ब्रेकचं वेगळं, आतलं रबर त्यात टिकेल याची खात्री कोण देणार? शेवटी रॅलीच्या गाड्यांना ब्रेकचेच पाइप बनवून देणाऱ्याकडून मापाने करून घेतले. आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलची वेणी. दिसायला इतके सुंदर की चाकामागे लपतात याचं वाईट वाटावं.

शेवटी हवा काढणं. मी सीटवर, मिस्त्री चाकाजवळ, पेडलखाली लाकडाचा ठोकळा. "दाब. धर. सोड." पुन्हा "दाब. धर. सोड." निप्पलच्या नळीतून आधी कढण, मग फिकट कढण, मग बुडबुडे, मग स्वच्छ. एकेका चाकाला वीस-पंचवीस वेळा. माझ्या आजीकडे जपमाळ होती, तिची आठवण आली. आणि दर चाकागणिक पायाखाली काहीतरी जमत गेलेलं कळत होतं.

ऑइलने ब्रेक चालवण्याची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये पेटंट घेतलं आणि १९२१ साली ड्यूझेनबर्गच्या गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. विमानांमुळे ते आडनाव जगाला माहीत झालं ते त्याच्या भावाच्या कंपनीमुळे. त्याआधी सळ्या आणि तारा होत्या. चार तारा सारख्या ताणून ठेवायच्या म्हणजे रोजची सतारच लावायची. ऑइलमध्ये मात्र दाब आपणहून सगळीकडे सारखा पोचतो. अण्णांच्या एसटीच्या पेडलखाली ऑइलही नव्हतं, हवेची झडप होती. पाय जेवढा, तेवढी हवा सुटणार. सकाळी डेपोत हवेच्या दाबाचा काटा पुरेसा वर चढेपर्यंत गाडी हलवायची नाही, हा त्यांचा नेम. ड्युटीवरून आलेल्या अण्णांच्या अंगाला डिझेलचा वास असे आणि आम्ही पोरं तोंडाने ब्रेकचा आवाज काढत त्यांच्याभोवती फिरत असू.

गाडी मिळाली. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला म्हणून पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्यावर गेलो. साठवरून दहा-पंधरावर आणायची, पूर्ण न थांबता पुन्हा साठ, असं आठ-दहा वेळा, मधे गार होऊ देत. पेडल दोन बोटं वरच पकडत होतं. पाय टेकला की तिथूनच काम सुरू. पण पहिले चार दिवस मी अतिशय वाईट गाडी चालवली. पायाला वीस वर्षांची सवय होती, आधी थोडं रिकामं जायचं, मग दाबायचं. आता रिकामी जागाच नव्हती, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला सगळे पुढे. मागच्या सीटवर ठेवलेली दोन डझन अंडी एका स्पीडब्रेकरला खाली गेली. बायको म्हणाली, "आधी थांबत नव्हती, आता थांबतेच आहे."

पाचव्या-सहाव्या दिवशी पायाला कळलं. आता किती खाली जायचं हे मोजायचं नाही, किती जोर द्यायचा तेवढंच. माणसाचा पाय अंतरापेक्षा जोर जास्त नेमका मोजतो म्हणे, आणि माझा अनुभव तसाच आहे. सिट्रोएनने १९५५च्या डीएसमध्ये पेडलच काढून टाकून रबरी बटणासारखा गोळा ठेवला होता, ज्याला प्रवास जवळजवळ नव्हताच. नवखे लोक पहिल्या चौकात कसे कोलमडत असतील ते मला आता अंड्यांसकट दिसतं.

दसऱ्यानंतर पुन्हा कोकणात निघालो. खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं. गगनबावड्यात चहा झाला, घाट सुरू झाला, आणि मी तिसऱ्या गिअरात पहिल्या वळणाकडे मुद्दाम जरा जोरात निघालो. मॅटवर पाय दाबल्याचा आवाज आला.

"दुसरा टाक."

"अण्णा, ब्रेक नवीन केलेत. सगळे."

"केलास ते बरं केलंस. दुसरा टाक. ज्यात चढतोस त्यातच उतरायचं असतंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचा हिशेबही मी रात्री कधीतरी करून बसलो होतो. माणसांसकट ९०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरते, ती सगळी उष्णता ब्रेकनेच झेलली तर तेवढ्यात पावणेतीन लिटर पाणी उकळून निघेल. म्हणजे दर शंभर मीटरला सत्तावीस-अठ्ठावीस कप कटिंग. आणि घाट काही शंभर मीटरचा नसतो. स्टीलची वेणी त्यातला एक कपही कमी करत नाही. इंजिन करतं.

दुसरा टाकला. इंजिन ओरडत राहिलं, मागे दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले, अण्णांनी त्यांना काचेतून हात करून पुढे जायला सांगितलं. वळणाच्या तोंडाशी तेवढा पाय टेकवायचा, पेडल तिथेच भेटायचं, सोडायचा. इतकं सुंदर पेडल आणि अख्ख्या घाटात मी ते मोजून वापरलं.

वैभववाडीत टपरीसमोर गाडी लावली. मी चहा सांगायला गेलो. वळून बघतो तर अण्णा उतरून पुढच्या चाकापाशी वाकलेले, गुडघा धरून, उजव्या हाताची पालथी बोटं रिमजवळ नेत. डेपोत प्रत्येक घाटानंतर ते हेच करत असणार. मग मागचं चाक. मग पलीकडे जाऊन ती दोन्ही.

"कोमट हाय," ते म्हणाले आणि बाकावर येऊन बसले. "किती पैसे गेले?"

मी निम्मा आकडा सांगितला. त्यांनी बशीत चहा ओतला, एक फुंकर मारली आणि म्हणाले, "आणि बाकीचे?"